भिंतीचे दगड गावातच आहेत

उत्तर इंग्लंडमधली, रोमन सम्राट हेड्रियनने बांधवलेली भिंत बऱ्याच ठिकाणी जेमतेम कमरेएवढी उरलीय, मग बाकीचे दगड गेले कुठे, असा प्रश्न पडतो. कुठे जातायत, आसपासच्या गावांतच आहेत! इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतलेली ही ११७ किलोमीटरची भिंत म्हणजे पुढच्या पिढ्यांना घडीव दगडांची आयती खाणच. भिंतीजवळचा लॅनरकॉस्टचा ख्रिस्ती मठ त्याच दगडांतून उभा राहिला. १७४५ च्या जॅकोबाइट बंडानंतर (म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या उठावानंतर) लष्करी रस्ता करताना तर मैलोनमैल भिंत पाडून खाली अंथरली.

भिंतीजवळच्या चॉलर्टन गावातल्या चर्चमध्ये जरूर डोकावा. एका बाजूचे खांब रोमन आहेत, आणि एक रोमन वेदी चक्क उलटी करून तिचं बाप्तिस्म्याचं पात्र केलंय. देव बदलला, दगड तोच.

आणि विंडोलँडा चुकवू नका. ते भिंतीच्या थोडं दक्षिणेला, भिंतीहूनही जुनं रोमन लष्करी ठाणं. तिथे १९७३ पासून लाकडी पातळ पाट्यांवरची शाईची पत्रं सापडतायत. एकीत क्लॉडिया सेवेरा मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावतेय. दुसरीत कुणाला तरी मोजे आणि चड्ड्या पाठवल्याचा उल्लेख! तिथला वारा जुलैतही अंगात शिरतो, त्यामुळे मोज्यांचं मला अगदी पटलं.