रस्ट, पायथन, टाइपस्क्रिप्ट: एकच रेपो की भाषेगणिक वेगळा?

पवईकर

मुंबईतल्या ब्रोकिंग आणि पेमेंटच्या टीम्समध्ये एक मांडणी सर्रास दिसते. मार्जिन आणि जोखमीचं गणित रस्टमध्ये, त्याभोवतीची सगळी कामं पायथनमध्ये, डीलरचा स्क्रीन टाइपस्क्रिप्टमध्ये. भाषा तीन म्हणून रेपोही (गिट या आवृत्ती-नोंद प्रणालीतले कोडसाठे) तीन, आणि ते सबमॉड्यूलने (एका रेपोत दुसऱ्याचा दुवा) एकमेकांना बांधलेले. माझ्या मते ही वाटणीच चुकीच्या रेषेवर झाली आहे. जे बदल एकत्रच व्हायला हवेत ते एका कमिटमध्ये, म्हणजे इतिहासातल्या एका नोंदीत, बसले पाहिजेत. भाषा कोणती हा प्रश्न त्यानंतरचा.

मार्जिनच्या फंक्शनला एक नवा पॅरामीटर जोडायचा आहे असं धरा. रस्टच्या रेपोत पीआर (बदल स्वीकारण्याची विनंती), मर्ज (बदल मुख्य शाखेत मिसळणं), टॅग (आवृत्तीचं नाव), व्हील (पायथनचं तयार पॅकेज) बिल्ड. मग पायथनच्या रेपोत आवृत्ती वाढवणारा दुसरा पीआर, मग स्क्रीनचा तिसरा. मधल्या अवस्थेत एका रेपोची मेन (मुख्य शाखा) पुढे आणि दोघांची मागे, आणि ही अवस्था कुठल्याच सीआयमध्ये (बदलानंतर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) तपासली जात नाही.

सबमॉड्यूलने हे सुटत नाही, उलट नवी भानगड होते. मुख्य रेपोत सबमॉड्यूलचा फक्त हॅश (कमिटचा ओळखक्रमांक) नोंदलेला असतो. रस्टचा कमिट स्वतःच्या मशीनवरच राहिला आणि मुख्य रेपो सर्व्हरवर पुश झाला, की बाकी सगळ्यांचं अपडेट अडकतं, कारण तो हॅश रिमोटवर नाहीच. त्याहून वाईट प्रकार गुपचूप घडतो: साधं गिट पुल (सर्व्हरवरचे बदल आणणं) सबमॉड्यूलच्या फोल्डरमधला कोड पुढे नेत नाही, आणि त्यावर कोणी गिट कमिट -ए केलं की जुना हॅश परत नोंदला जातो. सहकाऱ्याचा बदल उलटतो आणि डिफमध्ये (फरकाच्या यादीत) दिसते फक्त एक ओळ. पुशला --रीकर्स-सबमॉड्यूल्स=चेक आणि कॉन्फिगमध्ये सबमॉड्यूल.रीकर्स ट्रू, हे दोन्ही सगळ्यांच्या मशीनवर हवं. एकानेही ते केलं नसेल तर घोळ होतोच.

बायसेक्टचंही (इतिहास अर्धा-अर्धा करत दोषी बदल शोधण्याचं) तेच. एका रेपोतल्या १००० कमिटमधून दोषी कमिट सुमारे १० पायऱ्यांत सापडतो. सबमॉड्यूल असेल तर शोध येऊन थांबतो "कोअर अपडेट केलं" अशा कमिटवर, ज्याच्या पोटात रस्टचे चाळीस कमिट. मग तिथे दुसरं बायसेक्ट.

ऐरोलीकर

सबमॉड्यूल त्रासदायक आहे हे मान्य. पण त्यावरून वेगळे रेपोच चुकीचे, असं होत नाही. सबमॉड्यूल काढा आणि अंतर्गत पॅकेज सर्व्हरवरून ठरलेली आवृत्ती घ्या. लॉकफाइलमध्ये (वापरलेल्या पॅकेजांच्या यादीत) आवृत्ती आणि हॅश दोन्ही असतात, बिल्ड दरवेळी तेच येतं.

माझा खरा आक्षेप एका कमिटमुळे मिळणाऱ्या खोट्या दिलाशावर आहे. कमिट एक झाला म्हणून डिप्लॉय एक होत नाही. बाजार ९:१५ ला सुरू होतो. बीकेसीच्या कोलोकेशनमधली (एक्स्चेंजच्याच जागेत ठेवलेल्या सर्व्हरवरची) बायनरी आदल्या रात्री बदलली, पण डीलरच्या ब्राउझरमध्ये कालची टॅब तशीच उघडी आहे. जुनं टाइपस्क्रिप्ट नव्या सर्व्हरशी बोलणारच. म्हणजे जुनं आणि नवं एकत्र चालेल अशीच दोन भागांमधली हद्द लिहावी लागते: नवं फील्ड ऐच्छिक ठेवा, जुनं लगेच काढू नका, प्रोटोबफमध्ये (संदेशांचा आराखडा लिहिण्याची पद्धत) काढलेल्या फील्डचा क्रमांक रिझर्व्ह्ड करा म्हणजे पुन्हा कोणी तो वेगळ्या अर्थाने वापरणार नाही. वेगळे रेपो ही शिस्त लावतात. एका रेपोत सगळं एकदम बदलता येतं, म्हणून लोक एकदमच बदलतात आणि सकाळी ९:१६ ला स्क्रीन कोरा दिसतो.

शिवाय गिटमध्ये फोल्डरगणिक वाचण्याची परवानगी देता येत नाही. रेपो दिसतो तो पूर्ण दिसतो. ज्या फर्ममध्ये स्ट्रॅटेजीचा कोड चार जणांनीच पाहायचा असतो, तिथे स्क्रीनवाल्या कंत्राटदाराला तोच रेपो कसा द्यायचा? कोडओनर्सची फाइल (कोणत्या भागाचा रिव्ह्यू कोणी करायचा ते सांगणारी) रिव्ह्यू अडवते, वाचन नाही.

गोरेगाव_फ्रंटएंड

परवानगीचा मुद्दा बिनतोड आहे. तो जिथे लागू होतो तिथे वाद संपला, स्ट्रॅटेजीचा रेपो वेगळाच हवा.

पण "पायथनमधला स्वल्पविराम बदलला तरी रस्टचं पूर्ण बिल्ड चालतं" ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि तिच्यावर उपाय आहे. उपाय करताना लोक एका ठराविक जागी अडकतात, म्हणून तपशिलात लिहिते. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये वर्कफ्लोवरच (जॉबच्या पूर्ण संचावर) पाथ फिल्टर (ठराविक फोल्डर बदलले तरच चालवण्याची अट) लावला आणि तो चेक मर्जसाठी बंधनकारक असला, तर वगळलेला वर्कफ्लो पेंडिंगच राहतो आणि पीआर कायमचा अडकतो. फिल्टर जॉबच्या पातळीवर, इफच्या अटीने लावा; वगळलेला जॉब यशस्वी धरला जातो. मात्र त्यातही एक खड्डा आहे. सगळ्यांवर अवलंबून असलेला शेवटचा एक जॉब ठेवला आणि आधीचा कुठला फुटला, तर हा शेवटचा जॉब वगळला जातो आणि म्हणून हिरवा दिसतो! त्याला इफ ऑल्वेज लावून आत प्रत्येक जॉबचा निकाल हाताने तपासावा लागतो. फेल्युअर किंवा कॅन्सल्ड दिसलं की एक्झिट १, म्हणजे नापास.

दादरची_सिस्टिम्स

पवईकर, ऐरोलीकर, तुम्ही दोघं दोन वेगळ्या हद्दींबद्दल बोलताय. नेटवर्कपलीकडची हद्द आणि एकाच प्रोसेसमधली हद्द यांना एकच नियम लावू नका.

नेटवर्कवर निदान संदेश असतो, त्याला आवृत्ती देता येते. एका प्रोसेसमध्ये फक्त मेमरी असते. पायथनच्या सीटाइप्समध्ये (सीसारख्या भाषांतला कोड थेट बोलावण्याची सोय) रेस्टाइप (परतीचा प्रकार) सांगितला नाही, तर परत येणारी किंमत साधा इंट धरली जाते. फंक्शन ६४ बिटांचा पॉइंटर देत असेल तर वरचे ३२ बिट गळतात. पत्ता योगायोगाने लहान असेल तर चाचणी पास होते आणि प्रॉडक्शनवर सेगफॉल्ट (मेमरीच्या चुकीने क्रॅश) येतो. स्ट्रक्टचं (एकत्र ठेवलेल्या फील्डच्या गटाचं) तर आणखी अवघड. एक बाइट आणि एक ३२ बिटी पूर्णांक मिळून सी मांडणीत ५ नव्हे, ८ बाइट होतात. रस्टच्या बाजूला कोणी फील्डचा क्रम बदलला आणि पायथनमधली व्याख्या जुनीच राहिली, तर एरर येतच नाही. चुकीचा आकडा येतो. मार्जिनच्या हिशेबात चुकीचा आकडा हा क्रॅशपेक्षा धोकादायक. ही हद्द दोन रेपोंत विभागणं मला अजिबात मान्य नाही.

भाषा मिसळताना मजकूर आणि संख्या यांचीही अशीच फसगत होते. "मुंबई" या शब्दाची लांबी पायथनमध्ये ५, जावास्क्रिप्टमध्येही ५, रस्टच्या लेन फंक्शनमध्ये १५, कारण तिथे यूटीएफ-८ चे बाइट मोजले जातात. वाचणाऱ्याला दिसतात ३ अक्षरं. रस्टने दिलेला ऑफसेट (मजकुरातलं स्थान) पायथनमध्ये तसाच वापरला की ग्राहकाचं देवनागरी नाव भलतीकडे तुटतं. इंग्रजी नावांवर चाचण्या घेतल्या असतील तर हे कळतही नाही. नॅनोसेकंदातला टाइमस्टॅम्प आज १९ अंकी आहे, आणि जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक अचूक धरतो. त्या टाइमस्टॅम्पच्या आसपास लागोपाठच्या दोन संख्यांमध्ये २५६ चं अंतर पडतं, म्हणजे दोन वेगळ्या ऑर्डर एकाच क्षणी आल्यासारख्या दिसू शकतात. जेसनमध्ये (माहिती पाठवण्याचा मजकुरी साचा) तो स्ट्रिंग म्हणूनच पाठवा.

एका रेपोचा सर्वांत मोठा फायदा मला इथे दिसतो: नमुन्याच्या नोंदींची एकच फाइल, आणि तिन्ही भाषांतल्या चाचण्या तीच वाचतात. त्यात "मुंबई", एक इमोजी, १९ अंकी संख्या आणि ऋण रक्कम पैशांत, एवढं तरी हवंच.

ऐरोलीकर

प्रोसेसमधल्या हद्दीबाबत सहमत. रस्ट कोअर आणि त्याचं पायथन वेष्टन एकाच रेपोत राहू दे. फक्त सीटाइप्सच्या व्याख्या हाताने लिहू नका. पायओ३ आणि मॅच्युरिन (रस्टचा कोड पायथनला जोडणारी साधनं) वापरा, पॅरामीटर चुकला तर निदान टाइपएरर मिळतो. दोन गोष्टी सांभाळा. मॅच्युरिन डेव्हलप डीफॉल्टने डीबग बिल्ड करतं. त्यावर वेग मोजून "रस्ट काही फार जलद नाही" असा निष्कर्ष काढू नका, --रिलीज लावा. आणि व्हील मॅनीलिनक्सच्या (जुन्या लिनक्सवरही चालेल असं बांधणाऱ्या) कंटेनरमध्ये बांधा. नव्या उबुंटूवर बांधलेलं व्हील सर्व्हरवरच्या जुन्या जीलिबसीवर (लिनक्सची मूळ लायब्ररी) लोडच होत नाही.

स्क्रीन मात्र वेगळाच ठेवावा, हे मत कायम.

पवईकर

उघड्या टॅबचं उदाहरण योग्य आहे आणि माझ्या मांडणीत ते सुटलं होतं. पण त्यावर रेपो तोडणं हे उत्तर नाही, चाचणी हे आहे. सीआयमध्ये एक जॉब ठेवा: मागच्या रिलीज टॅगवरचा स्क्रीन गिट वर्कट्रीने (त्याच रेपोची दुसरी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये उघडण्याची सोय) बाजूला काढायचा आणि त्याच्या चाचण्या नव्या सर्व्हरवर चालवायच्या. एका रेपोत हे दोन ओळींचं काम आहे. टाइपस्क्रिप्टचे टाइप स्कीमापासून (संदेशांच्या आराखड्यापासून) तयार करा, तयार झालेली फाइल कमिट करा, सीआयमध्ये पुन्हा तयार करून गिट डिफ --एक्झिट-कोड चालवा. हाताने कोणी त्या फाइलला हात लावला की बिल्ड फुटतं.

कुर्ला_जंक्शन

गूगल वर्षानुवर्षं एकच रेपो वापरतं, मग आपण एवढी चर्चा का करतोय?

वांद्रे_ऑप्स

कारण ते गिट नाही. गूगलने २०१६ मध्ये जे ८६ टेराबाइट सांगितले ते त्यांच्या स्वतःच्या पायपर प्रणालीतले. मायक्रोसॉफ्टला २०१७ मध्ये विंडोजचा सुमारे ३०० जीबीचा कोड गिटवर आणायला वेगळी व्हर्च्युअल फाइल सिस्टिम लिहावी लागली. आपल्या आकाराला साधं गिट पुरतं, पण दाखला म्हणून ती नावं देऊ नयेत.

एकत्र आणायचंच ठरवलं तर क्रम असा ठेवा. प्रत्येक रेपोचा ताजा क्लोन घ्या. गिट फिल्टर-रेपो (इतिहास पुन्हा लिहिणारं साधन) वापरलेल्या क्लोनवर चालायला नकार देतं, आणि ते बरोबरच आहे. मग --टू-सबडिरेक्टरी-फिल्टर देऊन सगळा इतिहास कोअर, सेवा, स्क्रीन अशा फोल्डरांत हलवा, म्हणजे लॉग आणि ब्लेम (कोणती ओळ कोणी बदलली ते) पहिल्या कमिटपर्यंत सरळ चालतात. त्याच वेळी --टॅग-रीनेमने टॅगना उपसर्ग लावा, नाहीतर तिन्हीकडचे व्ही१.० एकमेकांवर आदळतात. कोणीतरी कधीकाळी कमिट केलेली व्हील्स --स्ट्रिप-ब्लॉब्ज-बिगर-दॅन १०एम ने काढा. गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही. त्यानंतर नव्या रेपोत एकेक रिमोट जोडून फेच, आणि मर्ज --अलाउ-अनरिलेटेड-हिस्टरीज. सगळे हॅश बदलतात, म्हणून फिल्टर-रेपोची कमिट-मॅप फाइल (जुना-नवा हॅश जुळवणारी) जपून ठेवा आणि जुने रेपो फक्त वाचण्यासाठी खुले ठेवा. कामाच्या तिकिटांमध्ये आणि ऑडिटच्या नोंदींमध्ये जुने हॅशच लिहिलेले असतात.

मर्जच्या आधी इतिहासात पासवर्ड आणि की शोधा. रेपो एक झाला की वाचणारे वाढतात.

मोठ्या क्लोनसाठी --फिल्टर=ब्लॉब:नन (फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच आणणारा) आणि स्पार्स-चेकआउट (ठराविक फोल्डरच उघडणं) चांगले, पण असा क्लोन घेऊन लोकल ट्रेनमध्ये बायसेक्ट करायला बसू नका. प्रत्येक पायरीला जुन्या फाइल नेटवरून आणाव्या लागतात.

ऐरोलीकर

रोलबॅकचं (मागच्या आवृत्तीवर परतण्याचं) कोणीच लिहिलं नाही. सर्व्हर, वेष्टन आणि स्क्रीन एकाच कमिटमध्ये बदलले आणि सकाळी फक्त गणित चुकीचं निघालं, तर रिव्हर्ट (कमिट उलटवणं) स्क्रीनलाही मागे नेतं. मर्ज कमिट असेल तर गिट रिव्हर्ट -एम १ लागतं, आणि नंतर तीच ब्रँच पुन्हा मर्ज केली तरी बदल परत येत नाहीत. आधी त्या रिव्हर्टलाच रिव्हर्ट करावं लागतं. बाजार सुरू असताना हे कोणाला आठवत नाही.

पवईकर

म्हणूनच एकत्र कमिट फक्त हद्दीचा: फंक्शनची सही (पॅरामीटर आणि परतीचा प्रकार), स्कीमा, तयार झालेले टाइप आणि नमुन्याची फाइल. गणित वेगळ्या कमिटमध्ये, स्क्रीन वेगळ्यामध्ये, आणि पीआर स्क्वॉश करायचा (सगळे कमिट एकात मिसळायचे) नाही. गणित चुकलं तर तेवढाच एक कमिट रिव्हर्ट करता येतो, -एम ची गरज पडत नाही.