मदत हवी आहे: १९७८ ची एमजीबी एक इंच खाली आणायची आहे. पुढच्या बाजूला काय करू?

नमस्कार मंडळी,

मी कॉव्हेंट्रीत राहतो. दोन वर्षांपूर्वी काळ्या रबर बंपरची १९७८ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली. ओढ होती ती इंजिनाची. कराडला काकांची अँबॅसॅडर टॅक्सी होती, तिच्यात बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सिरीजचं १४८९ सीसी इंजिन होतं. माझ्या गाडीत त्याच घराण्यातलं १७९८ सीसी आहे. पहिल्यांदा स्टार्ट केली आणि टॅपेटचा तो आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं.

आता उंचीचं. ही गाडी १९६२ ते १९८० ॲबिंग्डनला बनत होती. १९७४ च्या उत्तरार्धात अमेरिकेचे बंपरचे आणि हेडलाइटच्या उंचीचे नियम पाळण्यासाठी ब्रिटिश लेलँडने क्रोमचे बंपर काढून रबराचे जड बंपर लावले आणि गाडी सुमारे एक इंच उचलली. त्या एका इंचाने वळणावरची तिची मजा घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे. मला ती रेसची गाडी करायची नाही. मुळात जशी होती तेवढीच खाली हवी आहे.

मागची बाजू एका गॅरेजकडून करून घेतली. ॲक्सल आणि कमानपाटे (मागच्या स्प्रिंगचं काम करणारे पोलादी पाटे) यांच्यामध्ये एक इंचाचे लोअरिंग ब्लॉक आणि लांब यू-बोल्ट घातले. तेव्हापासून खड्ड्यात गेली की मागून 'ठक्' असा आवाज येतो. पुढच्या स्प्रिंगा आधीच्या मालकाने ग्राइंडरने कापलेल्या दिसतात, टोकाचा वेढा सपाट नाही. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला, तर उजवी बाजू डावीपेक्षा १४ मिमी खाली.

पुढे दोन मार्ग दिसतात. नव्या आखूड स्प्रिंगा घालणं सोपं आहे. पण रबर बंपरच्या गाडीत पुढची उंची मुख्यतः क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं तो आडवा तुळईसारखा भाग) बदलून वाढवली होती. तो तसाच ठेवून नुसती स्प्रिंग आखूड केली, की खालचे विशबोन (चाकाला धरून ठेवणारे सस्पेन्शनचे हात) चाकाच्या बाजूला वर चढतात आणि वळणावर गाडी जास्त कलते. दुसरा मार्ग म्हणजे क्रोम बंपरच्या गाडीचा क्रॉसमेंबर बसवणं. पण स्टीअरिंग रॅक (पुढची चाकं वळवणारी यंत्रणा) त्याच्यावरच असल्यामुळे स्टीअरिंग कॉलमच्या, म्हणजे स्टीअरिंगकडून येणाऱ्या दांड्याच्या, जॉइंटचा कोन बदलेल. कोणी हे काम केलं आहे का?

प्रतिसाद १

क्रॉसमेंबरचं नंतर बघा, आधी ते १४ मिमी कुठून आले ते शोधा. पुढची एक बाजू खाली दिसते तेव्हा दोष बऱ्याचदा मागच्या पाट्यात असतो. सपाट जमिनीवर मागचा ॲक्सल बरोबर मध्यावर, डिफरन्शियलखाली, एका जॅकवर घ्या. पुढची चाकं जमिनीवरच राहू द्या, त्यांना लाकडी ठोकळे लावा. गाडीखाली मात्र अजिबात जाऊ नका. आता पुढे मोजा. दोन्ही बाजू सारख्या आल्या तर पुढच्या स्प्रिंगा निर्दोष आहेत, मागचा उजवा पाटा बसला आहे. फरक तसाच राहिला तर दोष पुढे.

प्रतिसाद २

त्या 'ठक्'बद्दल: पाट्याच्या टोकांचे नट गॅरेजने चाकं लोंबकळत असताना आवळले का? रबरी बुश (सांध्यातली रबराची नळी) आवळले त्या स्थितीत धरले जातात. गाडी खाली आली की ते कायम पिळलेले राहतात, उंची चुकते आणि लवकर फाटतात. नट सैल करा, गाडी चाकांवर उतरवा, दाबून हलवा, मग आवळा. खालच्या विशबोनच्या बुशनाही हेच लागू. आणि ब्लॉक घातल्यावर ॲक्सल बंप स्टॉपच्या (ॲक्सल वर आपटू नये म्हणून लावलेल्या रबरी ठोकळ्याच्या) एक इंच जवळ आलेला असतो, हेही विसरू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी करून पाहिलं. ॲक्सल जॅकवर घेतल्यावर पुढचा फरक १४ वरून २ मिमीवर आला! म्हणजे मागचा उजवा पाटा. इथे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि आधीचे मालक बहुतेक एकटेच फिरायचे, त्यामुळे पटतंय. खाली वाकून पाहिलं तर त्याच बाजूच्या बंप स्टॉपच्या रबरावर ताजा चकाकता डाग होता, ॲक्सल तिथेच आपटतोय. नट गॅरेजने लिफ्टवरच आवळले होते, मी समोर उभा होतो आणि मला कळलं नाही याचं वाईट वाटतं.

संध्याकाळी काकांना फोन केला. ते म्हणाले, "पाटे घालशील तर जोडीने घाल, एक नवा एक जुना नको. आणि शंभरेक किलोमीटर चालवल्याशिवाय टेप लावू नकोस, पाटा बसू दे." त्याप्रमाणे दोन्ही पाटे मागवतोय. ब्लॉक तूर्त काढून ठेवतो.

कापलेल्या स्प्रिंगा जाणारच आहेत. त्यामुळे क्रॉसमेंबरचा प्रश्न उरतोच. पुढचे लिव्हर-आर्म शॉक अ‍ॅब्सॉर्बर हेच वरच्या विशबोनचं कामही करतात. क्रॉसमेंबर बदलताना तेही सोडवावे लागतील, म्हणून सगळं एकदाच करावं म्हणतो. ज्यांनी कॉलमचा कोन जुळवला आहे त्यांनी सांगावं: शिम (कोन जुळवायला घालायच्या पातळ चकत्या) किती लागले, आणि स्टीअरिंग पूर्ण फिरवताना कुठे जड लागतं का?