दिवसाची कामं तुम्ही कशी लावता? अनुभव सांगा

डोंबिवलीची_आई
नमस्कार मंडळी, परवा मैत्रिणीशी बोलताना विषय निघाला म्हणून धागा काढतेय. मी आधी रोज सकाळी डायरीत अठरा-वीस कामं लिहायचे, रात्री बघावं तर चार-पाचच टिक झालेली आणि ती पण सगळी सोप्पी, बँकेचं केवायसी मात्र दीड महिना उद्यावर. आता डायरी बंद. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिते, जिथे आपण दुधाचे खाडे आणि सिलेंडर लावल्याची तारीख लिहितो ना तिथेच. त्यात तीनच कामं मावतात, चौथं लिहायचं तर आधी एक खोडावं लागतं. पहिल्याच आठवड्यात केवायसी झालं. तुमचं काय? टिकलेलं सांगा, आणि नाही जमलं तेही.

निफाडचा_बागायतदार
ताई, आमचं गणित उलट्या बाजूनं असतं. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला आधी छाटणीची तारीख धरायची नाही, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून जी पेस्ट लावतात ती लावायला मजुरांची टोळी कधी मिळते ते बघायचं, कारण छाटलं की एक-दोन दिवसात डोळ्यांना पेस्ट लागलीच पाहिजे, नाहीतर बाग मागंपुढं फुटते आणि मग विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) सगळंच विस्कटतं. एका वर्षी मी छाटून मोकळा झालो अन् टोळी चार दिवस आलीच नाही, तो हंगाम विसरत नाही. तेव्हापासून कुठलंही काम शेवटाकडून मागं मोजत येतो. रोज रात्री झोपताना दोनच गोष्टी बघतो, उद्या थ्री फेज लाईट किती वाजता आणि पाऊस आहे का. पाऊस झाला की डाऊनी या बुरशीच्या रोगाची फवारणी पहिली, सोसायटीचं काम, ट्रॅक्टरचं सर्व्हिसिंग मागनं.

अभ्यासिका_पुणे
एमपीएससी करतोय. पोमोडोरो वर्षभर वापरलं, २५ मिनिटं अभ्यास ५ मिनिटं ब्रेक, चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने कॉलेजात असताना टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर सुरू केलेलं. गणितं, चालू घडामोडींना बरोबर बसतं पण राज्यघटनेचं कलम डोक्यात शिरायला लागलं की नेमकी घंटी वाजते, म्हणून तिथे ५०-१०. आणि प्रिलिमच्या सीसॅट पेपरला पास व्हायला ३३ टक्केच लागतात म्हणून ते कायम रात्रीवर ढकलायचो, दमलेल्या डोक्याने उतारे चुकायचे, एक प्रिलिम त्यातच गेली. आता सकाळी बसलो की पहिला उतारा.

डोंबिवलीची_आई
आणि फोन कुठे ठेवतोस रे?

अभ्यासिका_पुणे
बॅगेत, आणि बॅग दाराजवळच्या रॅकवर. टायमर हातातल्या घड्याळात.

जर्सीकर
माझी टीम पुण्यात. इथे न्यू जर्सीत सकाळचे आठ म्हणजे तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेसहा. आधी मी स्वतःचं काम उरकून मग त्यांना उत्तरं द्यायचो, तोवर ती घरी, एका प्रश्नापायी त्यांचा पूर्ण दिवस वाया. ते आयझेनहॉवरचे चार चौकोन करून पाहिले, तातडीचं आणि महत्त्वाचं वेगळं काढायला चांगले आहेत. पण मला खरा उपयोग झाला तो एका प्रश्नाचा, माझ्यामुळे कोण अडकलंय? ते पहिल्या तासात.

लेक_सांगली
आईचं डायलिसिस आहे, मंगळ-गुरू-शनि, दर वेळी चार तास. सुरुवातीला मी लॅपटॉप घेऊन जायचे, चार तास मोकळे मिळालेत असं धरून सगळं त्यातच कोंबायचे. एकदा तिचं बीपी पडलं, तिने दोनदा हाक मारली आणि मी ईमेलमध्ये, मला ऐकूच आलं नाही, सिस्टर धावत आल्या तेव्हा कळलं. त्यानंतर लॅपटॉप घरी. मंगळवार-गुरुवारी ऑफिसचं एकच काम, तेही निघायच्या आधी, जड कामं सोम-बुध-शुक्र. मॅनेजरला स्पष्ट सांगितलं, त्यांनी समजून घेतलं. राहतं काहीतरी, राहू दे. गेल्या गुरुवारी खुर्चीवर पडल्या पडल्या तिने मला आजीच्या सांडग्यांची कृती सांगितली, डाळ किती भरड ठेवायची, मिरची कधी घालायची, मी सगळी लिहून घेतली.