मदत हवी आहे : जर्मनच्या शिकवणीची फी किती सांगू? (आजच सांगायचीये)

खारीबिस्किट
मी जर्मन शिकवते. एक शिकवणी आलीये, फी किती सांगावी कळत नाहीये. जास्त सांगितली तर हातची जाईल, कमी सांगितली तर नंतर मीच चरफडत बसेन. संध्याकाळी त्यांचा फोन येणारे, प्लीज लवकर सांगा. गूगल करून झालंय, तासाला २०० पासून २००० पर्यंत काहीही दिसतंय.

उंटावरचा_शहाणा
गाव कुठलं? ऑनलाइन की घरी? एकटा विद्यार्थी की बॅच? शाळेचं की परीक्षेचं? तुमची स्वतःची लेव्हल काय? इतकं मोघम विचारलंत तर इथेही २०० ते २००० च मिळणार.

नर्मदाकाठ
मी नववी-दहावीला फ्रेंच शिकवते. तासावर अजिबात जाऊ नका. महिन्याची फी, तीही आगाऊ, पाच तारखेच्या आत. तासावर घेतलं की मुंज, सर्दी, मामाचं गाव, सगळ्याचे खाडे तुमच्या खिशातून.

वहीखातं
शिकवणीची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी लागते, हे ध्यानात असू द्या.

उंटावरचा_शहाणा
@वहीखातं एका विद्यार्थ्याचे वीस लाख? मीच शिकवायला लागतो मग.

खारीबिस्किट
पुणे. ऑनलाइन, एकटीच आहे. माझं बी-२ (चौथी लेव्हल) झालंय मॅक्स म्युलर भवनातून. तिला ए-१, म्हणजे अगदी पहिली लेव्हल, करायचीये. आकडा सांगा ना कोणीतरी!

कोल्हापुरी_कट्टा
ए-१ कशासाठी आणि किती दिवसांत?

खारीबिस्किट
व्हिसासाठी. लग्न झालंय, नवरा श्टुटगार्टला असतो. दोन महिन्यांत करून द्या म्हणतायत.

कोल्हापुरी_कट्टा
अहो, हे आधी सांगायचं की! ए-१ ला साधारण ८० ते २०० युनिटं धरतात, एक युनिट ४५ मिनिटांचं. अगदी ८० धरलीत तरी ६० तास झाले. दोन महिन्यांत म्हणजे रोज तासभर, रविवारीही. वर तिचा गृहपाठ आणि तुमची तपासणी. मी असल्या घाईच्या कामाला तासाला ६०० लावतो, म्हणजे ३६,००० पूर्ण लेव्हलचे. निम्मे आधी, निम्मे महिन्याने. महिन्याची फी शाळेच्या पोरांना ठीक, इथे दोन महिन्यांत विषयच संपतो.

नर्मदाकाठ
आणि मुलगी नापास झाली की? लेव्हलचे पैसे घेतलेत म्हणजे लेव्हल पास करून देणार असंच लोक समजतात. मग बसा परतफेडीचे हिशेब करत.

कोल्हापुरी_कट्टा
निकालाची हमी द्यायचीच नाही, पहिल्याच मेसेजात लिहून टाकायचं. तसंही १०० पैकी ६० लागतात, नियमित बसली तर होते. ताई, तोंडीचा सराव पहिल्या आठवड्यापासून घ्या. स्वतःची ओळख, मग नावाचं स्पेलिंग जर्मन अक्षरांत, मग एखादा नंबर. पोरं नेमकी स्वतःच्याच आडनावावर अडकतात. लेखीत एक फॉर्म आणि तीसेक शब्दांचं पत्र असतं, ते घोटून घेता येतं.

रस्ता_चुकलेला
मलाही जर्मन शिकायचंय. ड्युओलिंगो ॲपवर भागेल का?

नर्मदाकाठ
नाही.

रस्ता_चुकलेला
पण माझी १४० दिवसांची स्ट्रीक आहे.

उंटावरचा_शहाणा
वेगळा धागा काढा हो.

माइनकाठचा
सगळे फीवर भांडताय, मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. नवऱ्याकडे ईयू ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना) आहे का? असेल तर बायकोला व्हिसासाठी ए-१ चं प्रमाणपत्र लागतच नाही. माझ्या बायकोला लागलं नव्हतं. (भाषा शिकायलाच हवी, ते निराळं. इथे आल्यावर डॉक्टरकडे गेलं की कळतं.)

खारीबिस्किट
अरे देवा. हे मी त्यांना सांगितलं तर शिकवणीच जाईल ना माझी?

माइनकाठचा
सांगा. नंतर बाहेरून कळलं तर तुमचं नाव खराब होईल. आणि व्हिसाची घाई नसेल तर निवांत शिकवता येईल, कदाचित ए-२ पर्यंत.

कोल्हापुरी_कट्टा
बरोबर आहे. पण आधी आकडा सांगा, मग कार्डाचं विचारा.

नर्मदाकाठ
उलटं. आधी कार्ड. एक विचारू? इतक्या का बिचकताय? ओळखीतली आहे का?

खारीबिस्किट
हो… आत्याच्या नणंदेची मुलगी.

उंटावरचा_शहाणा
घ्या! एवढ्या प्रतिसादांनंतर ही माहिती.

नर्मदाकाठ
नात्यात तर आकडा तुमच्याच तोंडून आणि आधी गेला पाहिजे. 'तुम्ही द्याल ते' असं चुकूनही म्हणू नका. फार तर पुस्तकाचे पैसे सोडा, तासाचे नाही.

खारीबिस्किट
फोन येऊन गेला. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, 'वहिनी म्हणाल्या, घरचीच मुलगी आहे, ती कसले पैसे घेतेय!' म्हणजे आत्याने परस्पर सांगून टाकलंय. सोमवारपासून सुरू करायचंय. आता काय करू?

कोल्हापुरी_कट्टा
आत्याला आत्ताच्या आत्ता फोन लावा. सोमवारी एकदा बसलात की विषय काढता येणार नाही.

माइनकाठचा
आणि ब्लू कार्डाचं?

रस्ता_चुकलेला
ताई, फुकटच असेल तर मीही जॉइन होऊ का?