पारव्यांनी दोनदा अळसांदे खुडले, आता तिसऱ्यांदा पेरू का?

डिचोलीचं_परस:
नमस्कार मंडळी. आमचं घर डिचोलीला, चिऱ्याचं आणि कौलारू. मागे सहा वाफे आहेत. दिवाळीनंतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून अळसांद्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या चवळीचं, बी आणून पेरलं. चौथ्या-पाचव्या दिवशी कोंबांनी माना वर काढल्या आणि सकाळी बघते तर पारव्यांनी वरच्या दोन्ही डाळी खुडून नेलेल्या, नुसत्या देठांची रांग उभी. पुन्हा पेरलं, पुन्हा तेच. तांबड्या भाजीचं (लाल माठाचं) बी भुरभुरवून मी हात धुवायला आत जाते न जाते तोच सात-आठ पारवे वाफ्यात उतरलेले असतात.

दोन वर्षांपूर्वी शेजारी चार मजली इमारत झाली. तिथल्या एका बाल्कनीतून रोज सकाळी तांदूळ-ज्वारी टाकतात. त्याआधी आमच्याकडे पारवे नव्हतेच. होले यायचे जोडीने, चार दाणे वेचून जायचे. त्यांचा कधी जाच वाटला नाही.

जुन्या सीडी टांगल्या, बुजगावणं उभं केलं, प्लास्टिकचं घुबडही आणलं. आठवडाभरात पारवे त्या घुबडाशेजारी येऊन बसायला लागले.

भाजीचं दुःख आहेच, पण खरी काळजी सासऱ्यांची. त्यांना दमा आहे, दिवसभर सोप्यावर बसतात आणि वरच्या वाशांवरून त्यांच्या खुर्चीवर घाण पडते. मी रोज झाडून काढते. आणखी एक. न्हाणीवरच्या तुळईवर घरटं आहे, त्यात पिवळ्या लवेची दोन पिल्लं. घरी सगळे म्हणतात, काढून टाक. माझ्याने ते होणार नाही. विष घालायचे सल्लेही कृपा करून देऊ नका.

पेडण्याचा_माड:
ताई, तांबड्या भाजीवर आमच्याकडे झावळ घालतात. बी बारीक रेतीत मिसळून पेरा, पाणी शिंपडा आणि वर माडाच्या सुक्या झावळ्या आडव्या टाका. तीन-चार दिवसांत उगवलेलं दिसेल. दिसलं की संध्याकाळी काढा, उन्हात काढू नका. जास्त दिवस ठेवलीत तर रोपं पांढरी, लांबुडकी होतात. भाजी बोटभर झाली की पारवा सहसा तिच्याकडे वळत नाही, त्याला दाणा आणि कोवळा कोंब हवा असतो.

अळसांदे मात्र या वेळी जमिनीत पेरूच नका. करवंट्यांत, नाहीतर कागदाच्या द्रोणात एकेक बी लावून घरात उजेडाला ठेवा. खरी पानं आली की द्रोणासकट वाफ्यात लावा, मुळं दुखवू नका. माझे निम्मे अळसांदे गेल्या वर्षी असेच वाचले.

दादरहून_फोंड्याला:
वहिनी, भाजीचं नंतर बघू. आधी ते झाडणं थांबवा, आजच.

मी 30 वर्षं दादरला राहिलो. पारव्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ छातीत जाऊन काहींच्या फुप्फुसांना सूज येते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. धुळीशी संबंध वर्षानुवर्षं राहिला तर फुप्फुसं कायमची कडक होऊ शकतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा केवढा वाद पेटला ते तुम्ही वाचलं असेल. माझ्या घरातच एकीला हा त्रास झाला, म्हणून मला या विषयावर गप्प बसवत नाही.

कोरड्या घाणीवर झाडू मारला की तीच धूळ हवेत उडते. आधी साबणाचं पाणी फवारा, दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, मग ओल्या फडक्याने पुसा. एन-95 मास्क आणि हातमोजे घाला. त्या वेळी सासऱ्यांना आतल्या खोलीत बसवा आणि आज संध्याकाळीच खुर्ची वाशांखालून हलवा. त्यांच्या डॉक्टरांनाही पारव्यांबद्दल सांगा. आपण सांगितलं नाही तर कित्येकदा हा प्रश्न विचारलाच जात नाही.

जाळंवाला_बेती:
घरट्याबाबत तुमचंच बरोबर. पिल्लं साधारण महिन्या-सव्वा महिन्यात उडतात. फक्त एक ध्यानात ठेवा, पहिली पिल्लं उडायच्या आतच मादी पुन्हा दोन अंडी घालू शकते. म्हणून शेवटच्या आठवड्यात रोज नजर ठेवा. घरटं रिकामं झालं की त्याच दिवशी ते भिजवून काढा आणि तुळईवरची पोकळी खुराड्याच्या जाळीने बंद करा. दोन दिवस थांबलात तर नवी अंडी पडतील आणि परत दीड-दोन महिने थांबावं लागेल.

वाफ्यांवर जाळं घालायचं तर मालीम जेटीवर जुनं मासेमारीचं जाळं मिळतं. पारव्याला दोन इंची भोक चालतं. पण जाळं ताणून बांधा आणि त्याचं टोक जमिनीवर लोळू देऊ नका. माझ्या मेहुण्याच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) असंच सैल सोडलेलं नायलॉनचं जाळं होतं, त्यात धामण अडकली. कात्रीने एकेक धागा कापून सोडवायला आम्हाला तास लागला, आणि ती जगली की नाही कोण जाणे. तेव्हापासून मी खालचा हातभर भाग बांबूच्या कामट्या दाटीने रोवून करतो आणि जाळं त्यांच्यावरून सुरू करतो.

डिचोलीचं_परस:
सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितेय.

खुर्ची त्याच संध्याकाळी हलवली. बाबांचा खोकला रात्रीचा तरी कमी आहे. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. घाण काढायचं काम आता मुलगा करतो, मास्क घालून, भिजवून.

दोन्ही पिल्लं गेल्या सोमवारी उडाली. नवी अंडी नव्हती. दुपारपर्यंत तुळईला जाळी ठोकून झाली. पारव्यांची जोडी दोन दिवस जाळीसमोर घुटमळत होती, ते बघवत नव्हतं, पण मी जाळी काढली नाही.

दाणे टाकणाऱ्या आजींना भेटायला आमसुलं घेऊन गेले. यजमान गेल्यापासून त्या पाखरांना घालतात. मी त्यांना बंद करा म्हटलं नाही, बाबांच्या छातीबद्दल सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आता बाल्कनीत पाण्याचं भांडं दिसतं, दाणे कधीमधी. पारवे निम्म्याने तरी कमी झालेत.

तांबडी भाजी झावळीखाली छान उगवली, दोनदा काढून झाली. द्रोणातल्या 40 अळसांद्यांपैकी 31 लागले, त्यांच्यावर जाळं आहे, कामट्यांसकट. मुळ्याचा वाफा उघडा राहिला होता, तो मात्र गेला.

एकच विचारायचंय. पाख्याला कौलांखाली वितीएवढी फट आहे, तिथे एक पारवा रात्री बसतो. तीही बंद केली तर माळ्यावर हवा खेळेल ना? सुतार शनिवारी येणार आहे.