प्रतिसाद: नारिंगी भाग म्हणजे जंत नव्हेत

तुम्ही लिहिलंय की तुमच्या पाळलेल्या शॅमेलियनच्या (रंग बदलणाऱ्या सरड्याच्या) शीमधला पांढरा भाग आता नारिंगी झालाय, म्हणून जंताचं औषध द्यावं का. थांबा, एवढ्यावरून देऊ नका.

तो पांढरा भाग म्हणजे युरेट, या प्राण्यांची घट्ट लघवीच म्हणा ना. टोकाला जरा पिवळट असेल तर चालतं. पण सगळाच नारिंगी, खडूसारखा कोरडा झाला की पाणी कमी पडतंय असं समजायचं. आमचा येमेनी जातीचा आहे. वाटीतल्या पाण्याकडे तो ढुंकूनही बघत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. इथे न्यू जर्सीत हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी पडते, तेव्हा मी फवारणी वाढवते आणि ठिबक लावते. दोन-चार दिवसांत रंग निवळतो. डोळे खोल गेलेले दिसले तर मात्र वाट बघू नका.

जंतांचा संशय शीच्या तपकिरी भागावरून घ्यायचा: पातळ, चिकट, उग्र वासाचा, किंवा खाल्लेले नाकतोडे जसेच्या तसे बाहेर. अर्थात पिंजऱ्यातल्या दिव्याखाली ऊब कमी असली तरी अन्न पचत नाही, तेही तपासा. ताजा नमुना डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा (घरच्यांची बोलणी खाऊन!) आणि दुसऱ्या दिवसाच्या आत सरीसृपांच्या डॉक्टरकडे न्या. औषध सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं त्यावर ठरतं.

आणि रोज शी होत नाही म्हणून घाबरू नका, मोठा झालेला शॅमेलियन काही दिवसांआडच करतो. कुंथतोय पण होत नाही, किंवा रक्त दिसतंय, तर त्याच दिवशी दाखवा.