दोन आठवड्यांत जगप्रदक्षिणा, बिझनेस क्लासने: एकच तिकीट की सुटी तिकिटं?

जळगावकर: मुंबई–सिंगापूर–टोकियो–सॅन फ्रान्सिस्को–फ्रँकफर्ट–मुंबई हे अंतर साधारण 20,600 मैल भरतं. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाच्या जगप्रदक्षिणा तिकिटाचा भाव मैलांच्या टप्प्यांवर ठरतो, आणि बिझनेसचा सर्वांत खालचा टप्पा 29,000 मैलांचा. म्हणजे 8,000 मैलांचे पैसे पाण्यात. 15 थांब्यांची मुभा आहे, पण 14 दिवसांत 15 थांबे घेणार कोण? सुटी तिकिटं काढा.

धुळेकर: पॅसिफिक ओलांडणारं एकेरी बिझनेस तिकीट किती पडतं ते आधी बघा भो, मग हिशेब मांडा. मैल उरत असतील तर सिंगापूरनंतर सिडनी घाला, तरी बेरीज 26,000 च्या आसपासच राहते. शिवाय एकाच तिकिटावर जोडविमान चुकलं तर पुढची सोय कंपनीने लावायची. सुट्या तिकिटांत तो भुर्दंड तुमचा.

जळगावकर: सिडनी म्हणजे आणखी एक व्हिसा, आणि दिवस कुठून आणणार? पूर्वेकडे निघालात की घड्याळ टोकियोला साडेतीन तास पुढे, मग उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला आणखी आठ, फ्रँकफर्टला नऊ आणि मुंबईला परत साडेतीन. झाले 24. पॅसिफिकमधल्या आंतरराष्ट्रीय वाररेषेवर, जिथे तारीख बदलते, ती तारीख परत मिळते ती याच तासांची भरपाई, फुकटचा दिवस नव्हे. शरीराला पूर्वेचा प्रवास जडच जातो.

धुळेकर: म्हणून तर बिझनेस! पूर्वेकडची बरीच लांब उड्डाणं रात्रीची असतात, आडवं होऊन झोपता येतं. पश्चिमेकडे दिवसाउजेडी उडालात तर त्या पलंगाचे पैसे जेवणावरच वसूल करा. मात्र युरोपातल्या छोट्या उड्डाणांत बिझनेस म्हणजे बहुधा साधीच खुर्ची, मधली रिकामी. तिथे जास्तीचे पैसे घालू नका.

भुसावळ जंक्शन: दोघेही व्हिसाचे नियम विसरलात. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, आणि पहिल्याच विमानतळावर सामान उचलून कस्टम्समधून न्यावं लागतं. तिथे दोन तासांची जोडणी घेऊ नका. अमेरिकेची मुलाखत सगळ्यात आधी, कारण तारीख मिळायलाच वेळ जातो. शेंगेनचा, म्हणजे फ्रँकफर्टसाठी लागणाऱ्या युरोपातल्या सामाईक व्हिसाचा, अर्ज निघण्याच्या 6 महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. पासपोर्ट एका वेळी एकाच दूतावासात राहणार, तेव्हा क्रम आधी ठरवा.

आणि जळगाव–मुंबई विमान किंवा रेल्वे हे वेगळं तिकीट. ते रखडलं, पहिलं उड्डाण न कळवता हुकलं, तर पुढची सगळी उड्डाणं रद्द होऊ शकतात. धुळेकरांच्या एकाच तिकिटाची ही दुसरी बाजू. एक दिवस आधी मुंबई गाठा.

धुळेकर: ते मान्य. पण त्यासाठी एक रात्र मुंबईत काढू, तिकिटं सुटी करणार नाही.